डेड स्टॉकमधला संगणक

(सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत निवृत्त गणित शिक्षकांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे मान्यवर, आणि सोलापूरच्या एप्रिलात संध्याकाळी साडेपाचला घराबाहेर पडायचं धाडस केलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

ओळख करून देताना संयोजकांनी मला संगणकतज्ज्ञ म्हटलं. मी गणिताचा मास्तर. महापालिकेच्या शाळेत हयात गेली. शाळेत संगणक आले तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारलं, "गणित कुणाकडे आहे? मग हे पण त्यांच्याकडेच द्या." माझी पात्रता एवढीच. त्या दिवशी भूगोलाचे सर रजेवर नसते तर आज इथे ते उभे असते.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'शाळेचे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर कसे न्यावेत'. त्यातल्या 'कसे'वर मी येणार आहे, शब्द देतो. पण 'शाळेचे संगणक' हे जे दोन शब्द आधी आलेत, ते खरे आहेत का, हे पाहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मास्तरची खोड आहे. गणित सोडवायच्या आधी 'दिलेले' तपासायचं.

निमित्त तुम्हाला माहीत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टची नेहमीची मोफत अपडेट बंद झाली. विंडोज ११ घ्या म्हणतात. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ती पिढी आली २०१७ मध्ये. त्याच्या आधीची यंत्रं चालू असून बाद. पंखा फिरतोय, कीबोर्ड वाजतोय, पडदा उजळतोय, तरी बाद. ही पहिली वेळ नाही. एक्सपी एप्रिल २०१४ ला गेली, विंडोज ७ जानेवारी २०२० ला गेली. पाच-सहा वर्षांनी एकदा हा सोहळा होतो. आपल्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्याबद्दल आपण नगरसेवकाच्या दारात जातो. याबद्दल कुणाच्या दारात जायचं, ते शाळेला कळत नाही. मग शाळा संगणकांवर कापड घालते आणि खोलीला कुलूप लावते.

आता कुलपाबद्दल. इथे शिक्षक किती आहेत? हात वर करा. बरेच आहेत. मग तुम्ही जरा वेळ दम खा, मी पालकांना सांगतो. शाळेत एक वही असते, डेड स्टॉक रजिस्टर. शाळेच्या मालकीची प्रत्येक टिकाऊ वस्तू त्यात चढते. टेबल, घंटा, पृथ्वीचा गोल, लोखंडी कपाट. चढलेली वस्तू उतरवायची तर निर्लेखन करावं लागतं. प्रस्ताव, समिती, मंजुरी. माझ्या शाळेत एक हार्मोनियम होता. त्याचा भाता उंदरांनी कधीच खाल्लेला. तो मुख्याध्यापकांकडून मुख्याध्यापकांकडे चार्जात जात राहिला. वाजत नव्हता, पण 'आहे' होता. शाळेत वस्तू वाजली नाही तरी चालते, 'आहे' असावी लागते.

त्या वहीत संगणक चढले, तिथून सगळं बिघडलं. शासनाची शाळांसाठीची आयसीटी, म्हणजे संगणक शिक्षणाची, योजना डिसेंबर २००४ मधली. आपल्या राज्यात ती 'बूट' पद्धतीनं आली. कंपनीनं लॅब उभी करायची, पाच वर्षं चालवायची आणि मग शाळेच्या हवाली करायची. पाच वर्षं कंपनीचा निदेशक, म्हणजे संगणक शिकवणारा माणूस, यायचा. मुदत संपली, निदेशक गेला, यंत्रं उरली आणि वहीत चढली. सीपीयू दहा, मॉनिटर दहा, माउस दहा. त्या क्षणापासून मुख्याध्यापकांच्या पोटात गोळा. पोरानं हात लावला आणि काही झालं तर वसुली कुणाच्या पगारातून? म्हणून कुलूप. चपला बाहेर. खिडक्यांना जाड पडदे. पंधरवड्यातून एक तास, त्यातही एका संगणकावर पाच पोरं, एकाच्या हातात माउस आणि चौघं सल्लागार. "दाब की बे! ते न्हवं, त्याच्या शेजारचं!" यातून संगणक साक्षरता झाली नसेल, पण सल्लागार मात्र भरपूर तयार झाले. त्यातले काही पुढे राजकारणात गेले.

एकदा तपासणी आली. वहीत माउस दहा, जागेवर आठ. अर्धी शाळा दोन माउस शोधत फिरली. कपाटं सरकवली. हार्मोनियमच्या आतसुद्धा बघितलं. शेवटी एक सापडला प्रयोगशाळेत, तिथे कुणीतरी लंबकाचा प्रयोग दाखवायला त्याची वायर वापरली होती. कल्पक शिक्षक, पण त्याला ज्ञापन मिळालं. माझं म्हणणं असं की तपासणी करणाऱ्यानं दिवसभर माउस मोजले, पण त्या दहा डब्यांच्या आत काय आहे, ते कुणाचं आहे, त्याची परवानगी कुठे आहे, हे विचारलंच नाही. वहीत त्याला रकानाच नव्हता. लोखंड शाळेचं, प्लास्टिक शाळेचं, आणि ज्याच्यामुळे त्याला संगणक म्हणायचं ते भलत्याचंच.

आत काय होतं ते सांगतो. हे जरा लांबेल. संयोजक घड्याळ बघतायत, बघू देत.

तुम्हा सगळ्यांना 'विंडोज मारणे' हा व्यवसाय माहीत आहे. संगणक हळू झाला, की फोन करायचा. एक पोरगा मोटरसायकलवर येतो, पाठीवर सॅक. "सर, फॉरमॅट मारावं लागतंय." काहीही झालेलं असो, उपाय तोच. आमच्याकडे यायचा तो पोरगा हुशार होता, हे आधी सांगतो. कुठल्या कॉलेजात न जाता त्यानं जे शिकून घेतलं होतं, ते आमच्या निदेशकाला येत नव्हतं. त्याच्या सॅकमध्ये एक सीडी असायची. तिच्यात सगळं. विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, कोरलड्रॉ, टॅली. पाचवीच्या पोरांना टॅली! मी म्हटलं, हे कशाला? तो म्हणाला, "असू द्या सर, एकाच पैशात आहे."

तर झालं असं, की शाळेत शॉर्टकट व्हायरस शिरला. पेनड्राइव्ह लावला की आतल्या सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट व्हायचे, आणि उघडायला जावं तर काहीच नाही. कुठून आला? परीक्षेचे पेपर आम्ही बाहेर डीटीपीवाल्याकडे टाइप करून आणायचो. त्याच्याकडे अख्ख्या पेठेचे पेनड्राइव्ह यायचे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दहावा, उद्घाटन आणि सहामाहीचा पेपर, सगळे एकाच यंत्रात. तिथून तो आमच्या कार्यालयात आला, कार्यालयातून लॅबमध्ये, लॅबमधून केंद्रावर. यूडायसची, म्हणजे सरकारला दरवर्षी द्यायची शाळेची, माहिती भरायची त्याच दिवसांत. केंद्रप्रमुखांनी बैठक घेतली, विषय 'पेनड्राइव्हची स्वच्छता'. एका बाईंनी खरोखर विचारलं, डेटॉल चालेल का? चेष्टा नव्हती. आयुष्यात ज्या वस्तूचं झाकण कुणी उघडू दिलं नाही, तिच्याबद्दल माणूस असंच विचारणार.

पोरगा आला, फॉरमॅट मारलं. सी ड्राइव्ह गेला, ते ठीक. डी ड्राइव्हला हात लावत नाही म्हणाला होता, पण तो पण गेला. नववीचे निकाल त्यात. ते आम्ही हजेरी आणि तोंडी लावून पुन्हा उभे केले, त्यावर वेगळं व्याख्यान होईल. आणि महिन्याभरात पडदे काळे पडले. खाली कोपऱ्यात ओळ, 'ही प्रत अस्सल नाही'. नेमके त्याच दिवशी वरचे साहेब भेटीला. दहाच्या दहा पडदे काळे. साहेबांनी विचारलं, "हे सगळं काळं का?" आमचे मुख्याध्यापक हजरजबाबी. म्हणाले, "साहेब, वीजबचत." शेरेपुस्तकात शेरा मिळाला, 'शाळेचा वीजबचतीचा उपक्रम स्तुत्य'.

हसा, पण बघा कसं आहे. ज्या वर्गात आम्ही फळ्यावर सुविचार लिहितो, 'प्रामाणिकपणा हेच सर्वोत्तम धोरण', त्याच्या शेजारच्या खोलीत दहा चोरीच्या प्रती. पोरांना ते माहीत. आणि विकत घ्यायला पैसे नाहीत, हेही माहीत. पोरगं यातून काय शिकतं ते मी सांगायला नको, तुम्ही सोलापूरकर आहात.

आता सोलापूरकर म्हटलं म्हणून. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरात कधी ना कधी माग होता. साखर पेठ, अशोक चौक, त्या भागात वाढलेल्यांना जकार्ड सांगायला नको. चादरीवर मोर येतो तो मागात नसतो. तो वर टांगलेल्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असतो. भोक असलं तर सुई आत जाते, नसलं तर अडते, त्यावरून कुठला धागा उचलायचा ते ठरतं. माळ बदलली की त्याच मागावर मोराच्या जागी कमळ. जोसेफ जकार्डनं हे फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला जमवलं. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजनं गणिती यंत्र आखलं, तेव्हा त्याला सूचना द्यायला हेच पुठ्ठे घ्यायचं ठरवलं. १८४३ मध्ये एडा लवलेसनं त्या यंत्राबद्दल लिहिताना म्हटलं, की जकार्डचा माग फुलं-पानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणिताचे नक्षीकाम विणतं. म्हणजे प्रोग्रॅम काय असतो, हे या गावाच्या आज्ज्यांनी हाताळलंय. आमच्या शेजारचे एक पद्मशाली आजोबा पुठ्ठा उजेडाकडे धरून सांगायचे, "इथं एक भोक चुकलंय, मोराची मान वाकडी येईल." भोक बुजवायचे, दुसरं पाडायचे. माग त्यांचा आणि पुठ्ठाही त्यांच्यासमोर उघडा. समजा कुणी त्यांना असा माग विकला असता, की पुठ्ठे बंद पेटीत, पेटी उघडलीत तर गुन्हा, आणि पाच वर्षांनी मोर उमटायचा बंद होणार. आजोबांनी त्या माणसाला पेठेच्या वेशीपर्यंत सोडायला माणसं दिली असती. शाळेनं मात्र तो माग घेतला आणि वर कापड घातलं.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे पुठ्ठे उघडे. वापरा, उजेडाकडे धरून बघा, भोक बदला, शेजाऱ्याला नक्कल द्या. व्याख्या संपली.

ही चळवळ सुरू झाली तीही छपाईयंत्राच्या वैतागातून, हे मला फार आवडतं. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर होता. त्यांच्याकडच्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. स्टॉलमननं त्याच्या प्रोग्रॅममध्ये बदल करून ठेवला, की कागद अडकला की छपाईच्या रांगेत असलेल्या सगळ्यांना निरोप जावा. मग झेरॉक्सचा नवा, वेगवान लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचा, पण त्याच्या आतला प्रोग्रॅम दिलेलाच नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका माणसाकडे तो आहे असं कळलं, म्हणून स्टॉलमन मागायला गेला, तर तो म्हणाला, न देण्याचं वचन लिहून दिलंय. या माणसाला जो राग आला, तो आजतागायत उतरलेला नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यानं 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला, पुठ्ठे उघडे असलेली अख्खी संगणकप्रणाली उभी करायचा. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. दोन्ही जोडून विंडोजच्या जागी चालणारी जी मुक्त प्रणाली झाली, तिलाच लिनक्स म्हणतात, आणि ते आज जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी सगळ्यांवर चालतं. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीत दुसरं काही उरलेलंच नाही. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच. त्यामुळे "आमच्या मुलांना लिनक्स जमेल का" असं विचारणाऱ्या पालकांना मी म्हणतो, तुमच्या घरातलं सगळ्यात धाकटं पोरगं दूध पिताना लिनक्सच चालवत असतं.

कागद अडकल्यावर चिडणारी माणसं आपल्याकडेही पुष्कळ आहेत. आपण प्रिंटरला चापट मारतो. तिथे फरक पडला.

आणखी एक दुखणं, मग विषयाला येतो. मराठी टायपिंग. (आवाज येत नाही का मागे? माइक जवळ घेतो.) आपल्या शाळांनी वीस-पंचवीस वर्षं ज्या फॉन्टांत पेपर काढले, त्यांतल्या बहुतेकांत मराठी अक्षर हे खरं मराठी अक्षर नव्हतंच. आत रोमन अक्षराचा क्रमांक, वर देवनागरीचं चित्र. ज्या यंत्रात तो फॉन्ट नाही तिथे फाइल उघडली की इतिहासाच्या पेपराचा रोमन अक्षरांचा काला. 'शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेचे वर्णन करा' या जागी स्वल्पविराम, डॉलर आणि कंस. महाराज सुटले, पेपर अडकला. मग त्याच डीटीपीवाल्याकडे जा, कारण फॉन्ट त्याच्याकडे. आणि सोबत व्हायरस घेऊन या.

यावर आपल्या सरकारनेच १९८६ मध्ये इलाज काढून ठेवलाय, आणि तो कुणी वापरत नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, टाइप होतं, कुठल्याही यंत्रावर उघडतं, लिनक्समध्ये आयतं असतं, विंडोजमध्येही असतं. आणि आता सोलापूरसाठी खास गोष्ट ऐका. इनस्क्रिप्टमध्ये 'क'ची कळ मराठीत जी आहे, तीच तेलुगूत आहे आणि तीच कानडीत आहे. आपल्या महापालिकेच्या शाळा मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू माध्यमांच्या. एकाच बाकावर शेजारी बसलेली दोन पोरं, एक मराठीत लिहितंय, एक तेलुगूत, आणि दोघांची बोटं एकाच कळेवर. ज्या गावात रस्त्यावर चार भाषा बोलल्या जातात, तिथे यापेक्षा चांगला कीबोर्ड कुणी शिवून दिला असता? लिनक्सवर प्रत्येक मुलाला वेगळं लॉगिन देता येतं, आणि ज्याच्या लॉगिनला जी भाषा, त्या भाषेत मेनू उघडतो. लिबरऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायचं मुक्त सॉफ्टवेअर, मराठी, तेलुगू, कानडीत आहे. भाषांतर ठिकठिकाणी अर्धवट आहे, काही ठिकाणी असं मराठी आहे की त्यापेक्षा इंग्रजी बरं. पण ते दुरुस्त करायला कुणाची परवानगी लागत नाही. दहावीच्या वर्गाला मराठीचा प्रकल्प म्हणून देता येईल. सध्या प्रकल्प म्हणून आपण पोरांकडून बाजारातले तयार तक्ते चिकटवून घेतो. तर—

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे'. त्याखाली दोन रेघा ओढल्यात. बरं. पत्रिकेवरचा विषय दहा मिनिटांत. ज्यांना लिहून घ्यायचंय त्यांनी घ्या, मी भराभर बोलतो.

पहिलं, हे जमतं का? केरळात जमलंय. तिथे २००१ मध्ये आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला आणि काही वर्षांत सरकारी आणि अनुदानित शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर गेल्या. २०१९ मध्ये त्यांनी उबंटू या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेली नवी आवृत्ती काढली, दोन लाखांहून जास्त संगणकांसाठी. तीन हजार कोटी वाचले, असं ते सांगतात. मी गणिताचा मास्तर, भागाकार केला. एका यंत्रामागे दीड लाख. एवढी सॉफ्टवेअर छापील किमतीला कोण घेतं? म्हणून तो आकडा मी वापरत नाही. मला त्यांची दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी बाहेरून कंपनी आणली नाही, शाळेतलेच शिक्षक तयार केले आणि त्यांनी पुढचे शिक्षक. निदेशक गेला म्हणून लॅबला कुलूप, असं तिथे झालं नाही, कारण जायला कुणी बाहेरचं नव्हतंच.

कुणीतरी म्युनिकचं नाव काढणार. काढा. तिथल्या नगरपालिकेनं २००३ मध्ये ठरवलं, दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचं ठरवलं. का, यावर भांडणं आहेत. मी त्यातून इतकंच घेतो, की वरून हुकमानं आलेली गोष्ट वरची माणसं बदलली की जाते. म्हणून मी शिक्षण विभागाकडे जात नाही, शाळेकडे जातो. साहेबांना दाखवायला कागद हवा असेल, तर केंद्र सरकारचं मार्च २०१५ चं मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण आहे, छापून फाइलला लावा. आणि सांगा, की आपण जे दीक्षा ॲप वापरतो ते 'सनबर्ड' या मुक्त सॉफ्टवेअरवर उभं आहे. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीत, डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तो क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीनं काढला. पेटंट तिच्याकडे होतं, पण ते बजावायचं नाही असं तिनं ठरवलं, म्हणून तो परितेवाडीपर्यंत फुकट पोचला.

आता काम. लॅबपासून सुरुवात करू नका. शिक्षक खोलीतला एक संगणक घ्या. आणि लगेच लिनक्सही नको. आहे त्याच विंडोजवर आधी फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसी टाका आणि एक सत्र त्यावरच काम करा. माणसाला सवय प्रोग्रॅमांची असते. ती बदलली की खालची चौकट बदललेली पुष्कळांना कळतही नाही. शालार्थ, सरल, यूडायस प्लस ही सरकारी माहिती ब्राउझरमध्येच भरायची, ते इकडेही भरता येतं.

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं सुरू करून बघा, यंत्रात काही न टाकता. प्रोजेक्टर, आवाज, वायफाय, आणि प्रिंटर. प्रिंटर नक्की बघा. एचपीचे बहुतेक निमूट चालतात. कार्यालयांत सर्रास दिसणारं एक जुनं लेझर यंत्र मात्र फार छळतं, ते असेल तर कार्यालयात एक विंडोज राहू द्या. टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठीही ते लागेल. हट्ट नको.

कुठलं लिनक्स? यावर भांडणारी माणसं तुम्हाला भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावा. दोन जीबी रॅमच्या यंत्रावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बसते. फारच जुनं, बत्तीस बिटचं यंत्र असेल तर डेबियन १२, कारण १३ मध्ये त्यांनीही बत्तीस बिट सोडलं. पैसे असतील तर रॅमच्या आधी एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, घ्या, फरक डोळ्याला दिसतो. एक यंत्र मनासारखं लावा आणि क्लोनझिलानं त्याची नक्कल बाकी नऊवर. पोरांच्या लॉगिनला प्रशासकाचा पासवर्ड देऊ नका. मग त्यांना काय मोडायचं ते मोडू द्या, नक्कल शिल्लक आहे. शॉर्टकट व्हायरस विंडोजसाठी लिहिलेला असतो, इथे तो नुसता पडून राहतो. पेनड्राइव्हच्या बैठका बंद होतील.

आत काय टाकायचं? लहानांना जीकॉम्प्री आणि टक्स पेंट, पाचवीपासून स्क्रॅच, गणिताला जिओजेब्रा, आकाशाला स्टेलॅरियम. नेट नसेल तर किविक्सवर अख्खा मराठी विकिपीडिया उतरवून ठेवा. शिक्षकांना शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरिअल मराठीत आहेत. दुसरीकडून आलेली वर्डची फाइल लिबरऑफिसमध्ये इकडेतिकडे सरकते, ते होणार. वर पाठवताना पीडीएफ पाठवा. जुन्या फॉन्टांतले पेपर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यात जोडाक्षरं आणि रफार थोडे फुटतात, एकदा हातानं वाचायला लागतात. सुट्टीतलं काम आहे.

"नोकरीला विंडोज लागतं, पोरांचं नुकसान होईल." हा प्रश्न येणार, म्हणून आत्ताच. आजचं पाचवीतलं पोरगं नोकरीला लागेल दहा-बारा वर्षांनी. तोवर विंडोजचे दोन सोहळे होऊन गेलेले असतील. ऑफिस २००७ आलं तेव्हा वरचा सगळा मेनूच बदलला होता, आठवतंय? मेनू पाठ केलेले अडकले, ज्यांना रकाना म्हणजे काय हे कळलं होतं ते दोन दिवसांत रुळले.

शेवटची एकच मागणी, मुख्याध्यापकांकडे. डेड स्टॉक रजिस्टरला 'शेरा' नावाचा रकाना असतो, नेहमी कोरा. त्यात प्रत्येक यंत्रासमोर लिहा. आत कोणती प्रणाली, कोणत्या तारखेला, कुणी टाकली, आणि पुन्हा टाकायचा पेनड्राइव्ह कोणत्या कपाटात आहे. पुढच्या तपासणीला साहेबांनी विचारलं नाही तरी दाखवा. आणि 'कुणी टाकली' या जागी एखाद्या नववीच्या मुलीचं नाव लिहायला कुठल्याही परिपत्रकानं बंदी केलेली नाही. मी शोधलंय.

दुसरी चिठ्ठी आली. आता नुसतंच 'सर' लिहिलंय. थांबतो. प्रश्न घेऊ, पण कोणतं लिनक्स चांगलं हा सोडून. ज्यांना लिनक्स घेऊन जायचंय त्यांनी बाहेर टेबलाजवळ या, आमची दोन मुलं लॅपटॉप घेऊन बसलीत. आठ जीबीचा पेनड्राइव्ह लागेल. त्यात आधी जे आहे ते सगळं पुसलं जाणार, तेव्हा लग्नाचे फोटो आधी काढून घ्या, आणि शॉर्टकट व्हायरस असेल तर लाजू नका.